साठाव्या फुलीवर त्रेसष्ट ओळी

आलेखाचा धडा तीन तासिकांत उरकेल असा आमच्या गणिताच्या सरांचा हिशेब होता. पहिली अख्खी तासिका नुसत्या शून्यावर गेली.

सर धुळ्याचे, नवे, रोज एसटीने येऊन-जाऊन करणारे. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, फाट्यावरून आत. आठवीच्या वर्गात आम्ही बावीस जण, बावीसही शेतकऱ्यांच्या घरचे. सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, एक उभी ओढली आणि दोन्ही जिथे मिळाल्या तिथे शून्य लिहून म्हणाले, "हा आरंभबिंदू. मोजायला सुरुवात इथून." मग एकेकाला बोलावून तीन, दोन हा बिंदू दाखवायला सांगितला. जो जाईल त्याचा बिंदू एक घर अलीकडे. आम्ही सगळेच पहिल्या रेघेला एक धरत होतो. वावरात पहिली ओळ ती पहिली, शून्यावी ओळ कोणी पेरलेली ऐकली नव्हती.

सर वैतागले. मला गप्प बसणं जन्मात जमलेलं नाही, तेव्हाही जमलं नाही. उभी राहून विचारलं, "सर, मंग शून्य म्हंजे बांध शे का? बांधवर तं काहीच नही लावतस."

सरांनी खडू खाली ठेवला. मग मीच त्यांना चौफुली समजावून सांगितली. आमच्याकडे तेव्हा कपाशी चौफुलीवर लावत. पेरणीआधी अख्ख्या वावरात बैलांनी उभ्या खुणा पाडायच्या, मग आडव्या पाडायच्या, आणि जिथे फुली पडेल तिथे बायांनी सरकी टाकायची. म्हणजे पुढे तण काढायचं कोळपं दोन्हीकडून फिरतं. सर महिनाभर एसटीच्या खिडकीतून असली वावरं बघत येत होते, पण त्यांना तो आलेखाचा कागद आहे हे काही दिसलं नव्हतं. "बस खाली," ते म्हणाले, पण चेहरा खुलला होता. त्यानंतर एकाचाही बिंदू चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी उणे संख्या आल्या. उणे दोन, तीन म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक जण उठला. "सर, ते तं बांधना पल्याड शे. दुसरानं वावर. तठे कसं जावानं?" वर्ग खो खो हसला. सरही हसले. मला मात्र हसू आलं नाही, आणि माझ्या शेजारी बसलेलीलाही आलं नाही.

शेजारी माझी चुलत बहीण होती. तिचे वडील, म्हणजे आबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. दोघांचं वावर एकाच वावराचे दोन तुकडे, मध्ये एक बांध. एक वर्षापूर्वी त्या बांधावरून दोघांचं बिनसलं. नानांचं म्हणणं, आबा नांगरताना दरवर्षी नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरतात. आबांचं म्हणणं, कोरणारे नाना. मोजणीसाठी अर्ज गेला होता, मोजणी करणारा काही येत नव्हता. तोवर नानांनी घरात फर्मान काढलं, "त्यास्ना घरनं कोनासंगे बोलानं नही." तिकडे आबांनीही तेच काढलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती मला बघून विहिरीवरून परत फिरली.

आम्ही दोघी एका महिन्याच्या अंतराने जन्मलो. वेण्या एकमेकींच्या घालायचो, चिंचा एका रुमालात बांधायचो, एकीला ताप आला की दुसरी शाळा बुडवायची. ते सगळं सहा फुटांच्या मातीपायी बंद झालं. मला ती हवी होती, आणि तिचा रागही यायचा, कारण तिच्या बापाने आमचा बांध खाल्ला होता. दोन्ही एकदम वाटत असे.

शाळेत आमची सुटका नव्हती. आडनाव एक, त्यामुळे हजेरीत नंबर लागोपाठ, त्यामुळे बाक एक. आलेखाचे कागद पारोळ्याहून आणावे लागत म्हणून सरांनी दोघांत एक कागद दिला. एकाने निर्देशक सांगायचे, दुसऱ्याने बिंदू मांडायचा. तिचा हात सफाईचा, पेन्सिलीला टोक सुईसारखं. तेव्हा ती मांडणार आणि मी सांगणार हे न बोलताच ठरलं. बोलायचं नव्हतंच, पण आकडे म्हणजे काही बोलणं नव्हे, असा अर्थ आम्ही दोघींनी आपापला काढला होता. वर्षभरानंतर मी तिला पहिला शब्द बोलले तो, "चार, सात." तिने मान न वळवता ठिपका दिला. मी "उणे एक, दोन" असं म्हटलं की त्यात भांडण असे, आणि "पाच, पाच" मध्ये जरा समेट. तीही एखादा बिंदू मांडून झाल्यावर पेन्सिल कागदावर दोनदा टकटक करायची. म्हणजे पुढचा सांग की गं.

मग सरांनी गृहपाठ दिला. प्रत्येक जोडीने स्वतः मोजून सहा बिंदू आणायचे, असे की ते एका सरळ रेषेत येतील. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांध! रस्त्याकडच्या दगडापासून नाल्याकडच्या दगडापर्यंत आमचा बांध सरळ असायला हवा, हे दोन्ही घरांना मान्य होतं. आमच्या वावराच्या एका अंगाला कालव्याच्या पाण्याची सरकारी पाटचारी, पट्टीने आखल्यासारखी. कपाशीच्या ओळी तिला समांतर. बांध जरा तिरका, त्यामुळे रस्त्याशी आमच्या साठ ओळी होत्या आणि नाल्याशी पासष्ट. मधल्या शंभर फुल्यांत दर वीस फुल्यांनी एक ओळ वाढायला हवी. जिथे वाढणार नाही तिथे आबांनी खाल्लं. मी कागदावर त्यांना पकडणार होते, आणि पकडलं की ते कबूल होतील, आणि मग ती माझ्याशी बोलेल. तेरा वर्षांच्या डोक्यात हे अगदी चोख बसलं होतं.

वहीच्या कोपऱ्यावर "रविवार, बांध" एवढं लिहून तिच्यापुढे सरकवलं. तिने वाचलं आणि पेन्सिल दोनदा टकटक केली.

रविवारी सकाळी मी माझ्या बाजूला, ती तिच्या बाजूला. कपाशी कमरेला लागत होती. रस्त्यापासून वीस फुल्या चालायच्या, पाटचारीपाशी जायचं, तिथून ओळी मोजत बांधापर्यंत यायचं. ती पलीकडे त्यांच्या गाडीवाटेपासून बांधाकडे मोजत यायची. बांधाशी पोचलं की आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे विसरत नाही. मी रस्त्याशी म्हणाले, "साठ." ती म्हणाली, "साठ." पाटचारी ते गाडीवाट अंतर सगळीकडे सारखं, म्हणजे दोघींचे मिळून दर वेळी एकशेवीस. वीस फुल्यांवर माझ्या एकसष्ट, तिच्या एकोणसाठ. चाळीसवर बासष्ट आणि अठ्ठावन्न. इथवर बांध सुतासारखा, आणि मी मनातून जरा खट्टू.

साठाव्या फुलीवर त्रेसष्ट म्हणताना मी थांबले. पुढे अजून दोन ओळी होत्या. पासष्ट. पलीकडून तिचा आवाज आला, "पंचावन्न," आणि तो आकडा तिनेच परत एकदा, हळू म्हटला. मी पाटचारीपर्यंत परत गेले. पुन्हा मोजलं. पासष्ट. तिसऱ्यांदा मोजलं. ती पलीकडे मोजतच होती, मला कपाशी हलताना दिसत होती. ऐंशीवर त्याहून वेगळं काही नव्हतं, माझ्या चौसष्टऐवजी सहासष्ट. नाल्याच्या दगडाशी पुन्हा सगळं नीट.

दोन ओळी आमच्याकडे जास्त होत्या. खाणारे नाना होते.

माझे कान तापले. मला तिचाच राग आला, तिने मोजलं म्हणून. मग सरांचा आला. नानांचा येईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि आला तेव्हा रडू फुटलं, कारण मी वर्षभर आबांकडे बघून तोंड फिरवत होते.

सोमवारी कागद आमच्यापुढे पसरलेला. एक बारीक चौकट म्हणजे एक ओळ. तिने अक्ष आखले आणि पेन्सिल टकटक केली. मी सांगू लागले. "शून्य, साठ. वीस, एकसष्ट. चाळीस, बासष्ट." पुढच्या आकड्याशी मी थांबले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, वर्षभरात पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. मी म्हणाले, "साठ, त्रेसष्ट."

तिची वही उघडी होती. त्यात स्वच्छ अक्षरात पंचावन्न लिहिलेलं मला दिसत होतं. तिने एक क्षण पेन्सिल हवेत धरली आणि ठिपका त्रेसष्टवर दिला. "ऐंशी, चौसष्ट." तोही दिला, आणि शेवटचा शंभर, पासष्टही. मग पट्टी ठेवून रेघ ओढली. सहाही ठिपके रेघेवर.

सर खूश झाले. कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. "शेतातला बांध! याला म्हणतात आलेख." आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पलीकडून तू मोजलंस ना? वाच तुझे आकडे. बेरीज जुळते का बघू."

ती उभी राहिली. ही मुलगी खोटं बोलायला लागली की तिचे ओठ पांढरे पडत. लहानपणी आमची प्रत्येक चोरी तिच्या ओठांमुळे पकडली गेली. तिने वही छातीशी धरली आणि वाचलं, "साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न, पंचावन्न." ओठ चुन्यासारखे. सरांनी बेरजा केल्या, कागदावर लाल शाईने दहापैकी दहा लिहिले आणि तो भिंतीवर लावला. भिंतीवर नजर जाईल म्हणून मी त्या दिवशी दप्तरातच बघत बसले.

शाळा सुटल्यावर मी तिला फाटकाशी गाठलं. फर्मान गेलं खड्ड्यात. विचारलं, "खरं काबर नही सांगं? मंग आबाच जिक्या असतात."

ती चपलेचा अंगठा नीट करत म्हणाली, "कागद एकच व्हता ना."

एवढंच बोलली आणि निघून गेली. मला तिथेच वाटलं की माझ्यासारखी हलकट मुलगी तालुक्यात नसेल.

घरी आले तेव्हा नाना गोठ्यात धार काढत होते. मी खांबाला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, साठाव्या फुलीवर आपल्या पासष्ट ओळी शेतस. पाह्यजेत त्रेसष्ट."

धार चालूच राहिली. मग त्यांनी विचारलं, "कितला डाव मोज्यात?"

"तीन डाव."

"आबानी पोरले माहीत शे?"

"शे."

"तिनी सांगं नही?"

"नही."

नानांनी बादली उचलली, गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि घरात गेले. मला रागावले नाहीत, मारलं नाही, जेवताना एक पोळी जास्त वाढायला सांगितली. कोरताना त्यांना कळत होतं, का नांगर आपला आपणच सरकत गेला, हे मी कधी विचारलं नाही. माणूस तापट होता, माझ्यासारखाच, आणि तापट माणसाला आपली बाजू चुकीची असेल हे सुचायलाच उशीर लागतो.

फर्मान कोणी मागे घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर आली आणि मला बघून परत फिरली नाही. नानांनी ते लांबून पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटल्या. शिमग्यानंतर एके सकाळी नाना फावडं आणि टोपली घेऊन वावरात गेले. साठाव्या फुलीच्या आसपास त्यांनी बांध आमच्या बाजूला सरकवायला घेतला. एकट्याने चार दिवस. पाचव्या दिवशी पलीकडून आबाही फावडं घेऊन आले आणि न बोलता माती ओढू लागले. दोघं दुपारपर्यंत राबले. बोलणं झालं ते एवढंच की आबांनी विचारलं, "पानी शे का?" आणि नानांनी तांब्या पुढे केला.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीया झाल्यावर, खुणा पाडल्या. त्या वर्षी दोन्ही वावरांत लावणी एकाच दिवशी आली. बाया ओटीत सरकी घेऊन उतरल्या, त्यांच्यात आम्ही दोघीही, आपापल्या बाजूला. साठाव्या फुलीपाशी नाना उभे होते. मला म्हणाले, "मोज. जोरमा मोज."

मी पाटचारीपासून सुरू केलं. नुसत्या मातीवर फुल्या, अजून एकही रोप नाही. पन्नास, एकावन्न, करत करत साठ, एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टाव्या ओळीत पाय ठेवला आणि समोर बांध.

"त्रेसष्ट!" मी ओरडले.

पलीकडे, बांधाला टेकून, ती उभी होती. हाताची सरकी तशीच मुठीत. ओठ अगदी लालभडक. म्हणाली, "सत्तावन्न."

मग आम्ही दोघी एवढ्या हसलो की ओटीतली सरकी मातीत सांडली, आणि ती वेचताना बायांच्या शिव्या खाल्ल्या. आबा आणि नाना दोघंही बघत होते. शाळेच्या भिंतीवर तो कागद अजून होता, कोपरे वळलेला. त्यावरचे दहापैकी दहा त्या दिवशी आमचे झाले.