सासऱ्यांचा कान आणि आईचा बटणांचा डबा

माझे सासरे मोटारसायकलची दुरुस्ती कानाने करतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचं. खालच्या सपाट, तापट शहरात तीस वर्षं त्यांचं गॅरेज आहे. गिऱ्हाइकं त्यांना 'कानवाले' म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

आम्ही राहतो वर, जिथे झाडंसुद्धा यायला कचरतात. माझी आई बेकरीचे पाव जुनाट शंभर सीसीच्या मोटारसायकलवरून वरच्या वस्त्यांना पोचवते. मागे दोन क्रेट, पुढे ती. बारा वर्षांत एक फेरी चुकलेली नाही.

लग्नानंतर सासरे पहिल्यांदाच लेकीकडे यायला निघाले, तेही आपल्या लाडक्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवरून. बस त्यांना कमीपणाची वाटते. पायथ्यावरून फोन आला, "एक वाजता ताटं वाढा!"

चार वाजले तरी पत्ता नाही. बायको चौथ्यांदा खिडकीशी जाऊन आली. रस्त्यावर नेमकं काय घडत होतं ते आईने नंतर सांगितलं. रिकामे क्रेट घेऊन ती परत येत होती, तर एका वळणावर सासरे बसलेले. समोर रुमाल पसरलेला, त्यावर काजळीने काळाकुट्ट झालेला स्पार्क प्लग.

"भेसळीचं पेट्रोल, विहीणबाई," ते म्हणाले. "तीनदा प्लग पुसला."

"भेसळ नाही, व्याही. इथे हवा विरळ असते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून धुमसतंय. दोर बांधून ओढू का?"

"विहीणबाई, तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून मी कार्बोरेटर उघडतोय."

आईने दोर परत गुंडाळला. सासऱ्यांनी गाडी सुरू केली. पाठीवर माणूस घेऊन ती चढेना, म्हणून ते उतरले आणि पहिल्या गिअरमध्ये टाकून तिच्या बाजूने चालू लागले. वीस पावलं झाली की गाडी धापा टाकायची, ते धापा टाकायचे. मग दोघं थांबायचे. आई मागून इंडिकेटर लावून मुंगीच्या पावलांनी येत होती. दोन गाड्या मागे खोळंबल्या, त्यातल्या एकाने विचारलंच, "आजोबांना बरं नाही का?"

पाच वाजता ते दारात पोचले ते निळसर ओठ घेऊनच. खुर्चीत बसले आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. बायकोने घाबरून आपल्या आईला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "अर्धा तास गप्प? जरा मला ऐकव!"

सकाळी सासऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आईने शिवणाचा डबा आणून ठेवला. बटणांच्या खालून तिने तीन-चार पितळी जेट काढले. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू. भोक जितकं लहान, तितकं पेट्रोल कमी. जुन्या बाजारातून वेगवेगळ्या गाड्यांचे असे जेट ती गोळा करते. सासऱ्यांच्या गाडीला बसेल असा एक तिने निवडला.

"बसवू?"

सासऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून जागा करून दिली. मी आईकडे बघावं की सासऱ्यांकडे ते न कळून आकाशाकडे बघितलं. आईने दहा मिनिटांत जेट बदलला आणि किक मारली. सासऱ्यांनी पुन्हा कान लावला. आठ्या एकेक करून गेल्या.

"आवाज सुधारला," ते इंजिनला म्हणाले.

"पण खालची ताकद मागू नका," आई म्हणाली. "तिसरा हिस्सा गेला तो गेलाच. हवाच नाही तर इंजिन तरी काय करेल? काल तुमचं काय झालं?"

सासरे निघताना तिने त्यांचा मूळ जेट कागदात बांधून त्यांच्या खिशात घातला. "खाली उतरलात की आधी हा बसवा. विसरू नका."

सासऱ्यांना हा गोड आवाज इतका आवडला होता की त्यांनी कागद उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी आईला फोन. दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग हळूच, "एका गिऱ्हाइकाची गाडी आहे. वरून आल्यापासून इंजिन भट्टीसारखं तापतंय, खडखडतंय."

"हवा भरपूर झाली, पेट्रोल कमी पडतंय. गिऱ्हाइकाला सांगा, खिशातला कागद उघडा."

पलीकडे कागदाची चुरचुर ऐकू आली. मग सासरे हसले. माझ्या बायकोच्या मते, स्वतःवर पहिल्यांदाच.

आता गॅरेजच्या दारावर पाटी आहे: 'डोंगरात जाणाऱ्यांनी आधी भेटावे.' विरळ हवेवर ते असं व्याख्यान देतात की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. कुणी अवघड प्रश्न विचारला की ते बेधडक आईचा नंबर देऊन टाकतात. काल ती क्रेट बांधत असताना सातवा फोन आला. उत्तर देऊन तिने मला बोलावलं.

"तुझ्या सासऱ्यांना सांग, मला पाव पोचवायचे असतात."

मी सांगितलं. त्यावर त्यांनी पाटीखाली ओळ वाढवली: 'बाईंची वेळ दुपारी दोननंतर.'