तेविसाव्या संदर्भातले पोन्नुसामी

कोदैनायकी सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे स्वल्पविराम लावत आली होती. चेन्नईत पेरुंगुडीला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, परदेशी इंजिनीयरिंग नियतकालिकांची पानं छपाईसाठी तयार करणारी कंपनी होती. तिथं ती संदर्भांच्या टेबलावर बसायची. विद्वानांनी लेखात वर काय हवं ते लिहावं; कुणाकुणाचं वाचून लिहिलं त्याची शेवटची यादी मात्र कोदैकडं यायची. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, मग साल. नियतकालिकाचं नाव तिरकं, खंडाचा आकडा ठळक. या लोकांना पूल बांधता येतो, पण आपण वाचलेल्या लेखाचं साल धड लिहिता येत नाही, असं तिचं मत होतं. ते बदलावं असं सव्वीस वर्षांत एकाही विद्वानानं काही केलं नव्हतं.

आता ती थकली होती. मान आखडायची, संध्याकाळी अक्षरांना मुंग्यांसारखे पाय फुटायचे. त्यात नवं यंत्र आलं. ते शंभर संदर्भ डोळ्याचं पातं लवायच्या आत लावून द्यायचं. टेबलावरच्या चौघांपैकी दोघंच मार्चअखेरनंतर राहणार, असं ठरलं होतं. ज्यांच्या नावावर लाल शेरे कमी, ते राहणार. कोदैच्या नावावर एकही नव्हता.

"अक्का, तुम्ही नुसत्या गप्प बसून राहिलात तरी राहताय," इळंपरिदी म्हणायचा. तो टेबलाचा प्रमुख. बारा वर्षांपूर्वी नवखा आला तेव्हा कोदैनंच त्याला तिरकं आणि ठळक शिकवलं होतं. "फक्त कुठं नाक खुपसू नका."

राहायला तर हवंच होतं. घरी बसणं म्हणजे दिवसभर सासूबाईंच्या शेजारी टीव्हीवरच्या मालिकांतल्या सासूबाई बघणं. एका घरात इतक्या सासवा तिला झेपल्या नसत्या.

आणि नेमका तेव्हाच तो लेख आला. जुन्या तळ्यांच्या बांधांतून पाणी का झिरपतं, याचा. लेखिका तिरुनेलवेलीच्या कॉलेजातली याळिनी. तिनं स्वतःचेच जुने लेख यादीत घातले होते. सातव्या क्रमांकावर होतं 'याळिनी, पी.' आणि तेविसाव्यावर 'पोन्नुसामी, वाय.' विषय तोच, जोडीदार लेखक तोच, तळीसुद्धा तीच.

कोदैनं कपाळावर हात मारला. तमिळ मुलखात आडनाव हा प्रकारच नाही. बापाच्या नावाचं एक अक्षर पुढं लावायचं आणि मग आपलं नाव. परदेशी अर्ज मात्र आडनाव मागतो, मग बापाचं अख्खं नाव मागं जोडतात. यंत्र मागचा शब्द उचलतं आणि बापालाच लेखक करून टाकतं. म्हणजे पोरीनं उन्हातान्हात तळी मोजायची आणि श्रेय पोन्नुसामींच्या नावावर जमा!

कोदैला हे दुखणं घरचं होतं. तिच्या कार्डावर 'कोदैनायकी वैद्यलिंगम' होतं, म्हणून सव्वीस वर्षं परदेशातली पत्रं 'प्रिय वैद्यलिंगम' अशीच यायची. हे वैद्यलिंगम म्हणजे तिचे अप्पा. मायावरमचे पोस्टमास्तर. कोइम्बतूरच्या सरकारी इंजिनीयरिंग कॉलेजात मुलीला जागा मिळाल्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं टपालातून काढलं, वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "पोरीच्या जातीनं एवढ्या लांब जाऊन काय धरणं बांधायचीत?" असं म्हणाले होते. कोदै गप्प राहिली होती. तिला त्या गप्प राहण्याचा राग अजून येत होता.

तिनं लेखिकेला प्रश्न टाकला. सातवी आणि तेविसावी व्यक्ती एकच असेल, तर नाव सुधारू का?

इळंपरिदी धावतच आला. "अक्का, काय केलंत? मूळ लेखावर जसं छापलंय तसंच घ्यायचं, हा नियम तुम्हीच मला पाठ करून घेतला होता. नको तो प्रश्न विचारला की लाल शेरा!"

"माहीत आहे."

"मग कशाला विकतचं दुखणं? ती बाई तुमची कोण लागते?"

"कुणी नाही, तंबी," कोदै म्हणाली. धाकट्या भावासारखं ती त्याला तंबीच म्हणायची. " पण पोरीचं काम पोरीच्या नावावर नको?"

"सव्वीस वर्षं नाही सुचलं, ते आत्ता मार्चातच सुचायचं होतं?" तो करवादला. त्याला तिची खरीच काळजी वाटत होती, म्हणून तो जास्त चिडला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कोदै डबा उघडून बसली होती, दहीभात आणि ताकातली तळलेली मिरची. पत्र तमिळमध्येच होतं.

'अम्मा, आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून फार बरं वाटलं. पण ती चूक नाही. माझे अप्पा वीटभट्टीवर होते. जन्मभर डोक्यावरून विटा वाहिल्या, मला एकही उचलू दिली नाही. ते गेल्यापासून मी त्यांचं पूर्ण नाव मुद्दाम मागं लावते. संदर्भ मोजणारे माझं काम त्यांच्या नावावर मोजतात, हे मला ठाऊक आहे. मोजू देत. कृपा करून पोन्नुसामींना तसंच ठेवा.'

कोदैनं पत्र दोनदा वाचलं. मग मिरची बाजूला ठेवली आणि भात तसाच झाकला. तिला रडू आलं. पोन्नुसामींसाठी थोडं आणि स्वतःसाठी बरंच. असाही बाप असतो, आणि तो तिच्या वाट्याला आला नव्हता. तेविसावा संदर्भ तिनं होता तसा ठेवला आणि लेख पुढं पाठवला.

लाल शेरा पडला. 'अनावश्यक प्रश्न.' बाकी तिघांतल्या दोघांची पाटी कोरी निघाली आणि मार्चनंतर राहणाऱ्यांच्या यादीत कोदै नव्हती. इळंपरिदीनं वरपर्यंत भांडून पाहिलं, पण वरचे आकड्यांशीच बोलत होते.

निरोपाला चण्याची उसळ होती, म्हैसूरपाक होता आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र होतं. टाळ्या झाल्या. मग इळंपरिदीचं लक्ष मानपत्राकडं गेलं आणि त्याचा चेहरा पडला. वर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'श्री. वैद्यलिंगम, के.'

"अक्का, परदेशातल्या ऑफिसनं नाव पाठवलं, तेच खालच्या छपाईच्या दुकानात गेलं... मी बघायला हवं होतं." त्यानं चौकट पालथी घातली. "टेबलावरून काढून टाकतो हे."

कोदैनं चौकट हातात घेतली. एरवी ती 'राहू दे' म्हणाली असती. जन्मभर तेच म्हणत आली होती, पोस्टमास्तरांच्या खिशातल्या पत्रापासून.

"काढू नकोस. बदलून आण."

"आज? पाच वाजलेत, अक्का. छपाईवाला दुकान बंद करायच्या बेतात असेल. उद्या घरी आणून देतो की."

"आजच. पोन्नुसामींना त्यांच्या लेकीनं आपलं श्रेय राजीखुशीनं दिलं, तंबी. मी माझ्या अप्पांना काही दिलेलं नाही."

 इळंपरिदीनं चौकट काखेत मारली.

"कोदैनायकी, व्ही. असं छापायचं ना?"

"नुसतं कोदैनायकी. पुढंमागं कुणी नको."

तो जिना उतरून गेला. लोक पांगले, टेबलं पुसून झाली, तिची रोजची सहाची शेअर रिक्षा खालून हॉर्न वाजवून निघून गेली. कोदै गार झालेली कॉफी घेऊन खुर्चीत बसून राहिली.