सुधारायला नेलेला सेट

रघुपतीच्या घरात नीट चालणारी वस्तू फार दिवस सुखाने नांदत नसे. बिघडलेल्या मिक्सरकडे तो ढुंकूनही पाहायचा नाही, बायकोने, रूपश्रीने, कितीही कपाळाला हात लावला तरी. पण एखादा रेडिओ सुरेख वाजायला लागला, की याच्या हाताला खाज सुटलीच म्हणून समजा. ‘आणखी जरा बरा वाजेल,’ असं पुटपुटत तो झाकण उघडायचा, आणि मग तो रेडिओ आठवडेच्या आठवडे मेजावर आतडी बाहेर काढून पडलेला असायचा. स्वतःच्या वायरलेस सेटला तर त्याने झाकण लावायचंच सोडून दिलं होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांनी आखलेली सर्किटं तपासायची, कंपनीच्या बसने गवीपुरमच्या घरी परतायचं आणि चहा घेऊन स्वतःचं सर्किट आखत बसायचं, एवढाच त्याचा षौक. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने घरून बिनतारी संदेश पाठवायचं, लायसन त्याच्याकडे होतं. तयार परदेशी सेट वापरणारी मंडळी क्लबात होती. हा मात्र एस. पी. रोडवरच्या दुकानांतून सुटे भाग वेचून आणायचा, पाण्याच्या पाइपच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायचा, आणि ऐकण्याचा नि पाठवण्याचा असे दोन्ही भाग एका डब्यात बसवून आपला ट्रान्सीव्हर उभा करायचा. ‘यातलं सगळं मी केलंय,’ हे वाक्य बोलताना त्याचा चेहरा खुलायचा.

आप्पाजींना सेट करून द्यायचं त्याने आपणहून कबूल केलं. आप्पाजी तारखात्यातले जुने तारमास्तर. निवृत्तीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. पुतण्याकडे, रघुपतीच्या घरापासून दोन बस बदलून जावं लागेल अशा ठिकाणी, गच्चीवरच्या खोलीत राहायचे. हुबळीला श्रीकांत नावाचा त्यांचा मित्र होता. नोकरीभर दोघे एकाच तारेच्या दोन टोकांना बसले, कट्ट-कडकट्ट करत गप्पा मारत म्हातारे झाले. मग श्रीकांतच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता एकाला दिसत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. पत्र पाठवावं तर आप्पाजींना दुसऱ्याने वाचून दाखवावं लागे, आणि फोनवर श्रीकांत बोलणार कसा? उरलं ते मोर्स, तारेवरची तीच जुनी कट्ट-कडकट्ट. श्रीकांतच्या मुलाने त्याला एक जुना सेट मिळवून दिला होता. इकडे आप्पाजींना कोण देणार?

रघुपतीने दिला, आणि जीव ओतून दिला. डायलच्या कडेला बोटाला लागतील अशा बारीक खिळ्यांच्या खुणा केल्या. नारळाच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एरियलची तार ताणली. पहिल्या रविवारी सकाळी हुबळीहून उत्तर आलं तेव्हा आप्पाजी इतके हसले की पुतण्या धावत वर आला. दोघे मराठीतच बोलत होते, इंग्रजी अक्षरं वापरून. सुनांच्या कागाळ्या, गुडघेदुखी, जुन्या साहेबांची टिंगल. रघुपती शेजारी बसून ऐकत होता आणि त्याला धन्य वाटत होतं.

एकच खोट होती. मोर्स पाठवायची की दाबली, की सर्किटवर ताण पडायचा आणि सूर क्षणभर घसरून चिमणीसारखा चिवचिवायचा. श्रीकांतने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘चिमणी पाळलीस काय?’ पुढे पुढे तर तो सेट लावून चिमणीचीच वाट पाहायचा. गर्दीत दहा जण एकदम वाजत असले तरी त्याला आप्पाजी बरोबर सापडायचे.

रघुपतीच्या मनाला मात्र ती चिवचिव लागली. क्लबात भगवंतराव नावाचे एक गृहस्थ होते. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “आप्पाजींचा सेट तुमचाच ना हो? लांबूनच कळतं.” लोक हसले. रघुपतीही हसला, पण घरी येऊन जेवला नाही.

गणपती उठले तसा तो आप्पाजींकडे गेला. “अण्णा, आठ दिवसांसाठी नेतो. सूर एकदम स्वच्छ करून देतो.”

“चाललंय की रे बाबा,” आप्पाजी म्हणाले. “बिडी ते, असू दे तसंच.”

“नाही अण्णा, तुमच्यासाठीच करतोय.”

हे खोटं होतं. बोलतानाच त्याला कुठेतरी ते ठाऊक होतं, पण सेट तोवर पिशवीत गेला होता.

आठ दिवसांत चिवचिव निम्मी झाली. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. रघुपतीला वाटलं, आता उघडलाच आहे तर सूर काढणारा भाग वेगळ्या डब्यात घालू. त्यासाठी कॉइल बदलली. कॉइल बदलली म्हणून पुढचं सगळं पुन्हा जुळवावं लागलं. दसऱ्याला सेट आयुधपूजेच्या फुलांखाली उघडाच पडला होता.

दसऱ्यानंतर आप्पाजी दोन बस बदलून, काठी टेकत, पुतण्याला न सांगता आले. “सुम्ने, सहज आलो. इकडे काम होतं,” म्हणाले. रूपश्रीने कॉफी दिली. त्यांनी मेजावर हात फिरवला, सुट्या तारा बोटांना लागल्या, तसा हात मागे घेतला. “सरी, सरी. निवांत कर.”

दिवाळी होऊन गेल्यावर पुन्हा आले. या वेळी जाताना दारात थांबून म्हणाले, “श्रीकांतची तब्येत स्वल्प बरी नाही म्हणे. त्याच्या मुलाचा फोन आला होता पुतण्याकडे.”

रघुपतीच्या एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यात चिमट्यात धरलेला ट्रान्झिस्टर. “हो अण्णा. पुढच्या रविवारी नक्की,” तो मान वर न करता म्हणाला.

आप्पाजी गेल्यावर रूपश्री भडकली. “अहो, ते काय बोलून गेले ऐकलंत तरी का? आहे तसा जोडून द्या ना!”

“आता आहे तसा नाहीच तो,” रघुपती म्हणाला, आणि ते खरं होतं. पुढचा रविवार आला आणि गेला. त्यानंतरचेही गेले. स्वतःच्या सेटवर आप्पाजींना आणून बसवावं, हेही त्याच्या डोक्यात आलं होतं. पण त्यातलाच एक भाग काढून त्याने यात घातला होता.

संक्रांत झाल्यावर सेट पुरा झाला. सूर असा निघाला की रघुपती स्वतःच ऐकत राहिला. देवळातल्या तंबोऱ्यासारखा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी. रविवारी सकाळी जुन्या लुगड्यात गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये धरून, तो आप्पाजींकडे पोचला. एरियल जोडली, बटण दाबलं.

“घ्या अण्णा. बोलवा श्रीकांतना. आता बघा कसं ऐकू जातं!”

आप्पाजींनी डायलवरून बोट फिरवलं. खिळे जागच्या जागी होते. “श्रीकांत गेला रे,” ते म्हणाले. “संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात.”

रघुपतीने बटणावरचा हात काढून घेतला. “मला... मला कळवलं का नाहीत?”

“दोनदा आलो होतो की.”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. रघुपतीला वाटलं, हा जाईपर्यंत तरी आपल्याला काही बोलावं लागू नये.

“त्याचा मुलगा सांगत होता,” आप्पाजी पुढे म्हणाले, “शेवटपर्यंत दर रविवारी सेट उशाशी घेऊन मला बोलवायचा. बोट उचलत नव्हतं, तरी. मुलगा म्हणाला, बाबा, ते नाहीत तिथे, त्यांचा सेट दुरुस्तीला गेलाय. तर पाटीवर लिहून दाखवलं, चालत होता की.”

“अण्णा, माझं चुकलं. फार चुकलं. तुमच्यासाठी म्हटलं, पण मी माझ्या नावासाठी नेला होता.”

“ठाऊक आहे,” आप्पाजी म्हणाले. “राग आला होता मला. फार. अजून स्वल्प आहे. जाईल.” मग त्यांनी की जवळ ओढली. “एवढ्या लांबून आणलास, तर चालवून बघतो.”

त्यांनी साद घातली. सूर खोलीत भरला, निर्मळ, कुठे जरासुद्धा न हलता. तिसऱ्या हाकेला कोचीहून कुणा अनोळखी माणसाने उत्तर दिलं. आप्पाजी ऐकत ऐकत सांगू लागले, “म्हणतो, नमस्कार. म्हणतो, इतका सुंदर सूर पुष्कळ दिवसांत ऐकला नाही. सेट कुठला, विचारतोय.”

“काहीही सांगा,” रघुपती घाईने म्हणाला. “माझं नाव नका सांगू, अण्णा. पाया पडतो.”

“खोटं कसं सांगू? तूच केलायस ना?”

आणि त्यांची बोटं चालू लागली. घरी बनवलेला सेट, एवढं सांगून ती क्षणभर थांबली, आणि मग नाव सुरू झालं. रघुपतीला मोर्स येत होतं. एकेक अक्षर ऐकल्यावाचून त्याची सुटका नव्हती. पहिलं आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. आप्पाजी तारखात्यात पत्ते पाठवायचे तसं, सावकाश, कुणाचीही चूक होऊ नये म्हणून, सगळं नाव दोनदा पाठवत होते.