होडीच्या भेगा

ज्याचा सारा जन्म दुसऱ्यांची पत्रे सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्यात आणि पुढे शाळेत दुसऱ्यांचे धडे शिकवण्यात गेला, त्याने सत्तरी उलटल्यावर स्वतःचे म्हणून काही लिहावे, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. सांगण्यासारखे माझ्याजवळ एवढे एकच आहे, आणि तेही मी इतकी वर्षे कुणाला सांगू शकलो नाही.

निजामाच्या राज्यातली ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. हैदराबादेत शिकून मी परंड्याकडच्या एका जहागीरदारांकडे कारकून म्हणून लागलो होतो. उर्दू चांगले होते, इंग्रजी वाचता येत होते. बोलण्याचा मात्र मला भारी संकोच. जहागीरदारांना सगळे ‘सरकार’ म्हणत. लढाईपूर्वी त्यांनी मुंबईहून हौसेखातर एक मोटरबोट मागवली होती. कुर्डुवाडीपर्यंत ती रेल्वेने आली आणि तिथून करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका ओलांडून जहागिरीत पोचली. बोट लाकडी होती, मागे लावायचे इंजिन वेगळे होते, आणि ती वाहून नेण्यासाठी दोन रबरी चाकांची लोखंडी गाडी होती. बरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत तिला ट्रेलर म्हटले होते. आमच्याकडे ती ‘होडीची गाडी’ झाली. एक हिवाळा सरकार तळ्यावर हिंडले. मग पेट्रोल मिळेनासे झाले आणि बोट दोन वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली.

माघात हैदराबादहून एक बडे अंमलदार तळ्यावर शिकारीला येणार असल्याचे कळले. पेट्रोलचे डबे तेच आणणार होते. सरकारांनी मला आणि मिस्त्रींना बोलावून आठ दिवसांत होडी तयार करण्यास सांगितले. मिस्त्री जहागिरीचे सुतार. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, थट्टेखोर. मी त्यांना मामा म्हणत असे. ते मला मुन्शीजी म्हणत. त्यांचे कामाचे छप्पर आणि त्यामागचे राहते घर, दोन्ही जहागिरीचीच होती. सरकारांनी त्यांना माझ्यादेखत बजावले, की पाहुण्यांसमोर फजिती झाली तर सोलापूरचा कारागीर आणू आणि ही जागा त्याला देऊ. मामांनी मान हलवली. घरात त्यांची बायको, म्हातारी आई आणि तीन मुले होती.

आम्ही इंजिनापासून सुरुवात केली. मी पुस्तिका वाचून सांगायचो आणि मामा हात चालवायचे. प्लगची काजळी खरवडली, तेलाच्या नळ्या रॉकेलने धुतल्या, इंजिन पाण्याच्या पिपावर बांधले आणि सरकारांच्या मोटारीतून काढलेल्या तळच्या पेट्रोलवर दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ते सुरू झाले. मामा हसून म्हणाले, “मुन्शीजी, तुमी तर लगीन बी पुस्तक बघूनच लावून घेणार.” आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि आयुष्यात प्रथमच आपल्याला काहीतरी येते असे मला वाटले. पुढचे सारे त्या वाटण्यातून घडले.

गाडीच्या चाकांचे रबर तडकले होते आणि नवे मिळणे अशक्य होते. मामांनी फुटक्या मोटेचे कातडे भिजवून चाकांवर ताणून शिवून घेतले. आसात बैलगाडीचे वंगण, म्हणजे एरंडेलात कालवलेली काजळी, भरायला ते निघाले, तेव्हा मी पुस्तिका दाखवून त्यांना थांबवले. आतल्या बेअरिंगच्या बारीक गोळ्यांना कचरा चालत नाही, हे मी वाचले होते. त्यांनी गोळ्या काढून धुतल्या आणि नुसते गाळलेले एरंडेल घातले. मोटारीऐवजी बैल जोडायचे असल्याने बाभळीची धुरी करून पुढे बसवली. गाडी सुरेख चालू लागली. इथेही पुस्तिकाच बरोबर ठरली होती.

उरली होडी. दोन उन्हाळ्यांत तिच्या फळ्या इतक्या सुकल्या होत्या, की आत बसले तर भेगांतून बाहेरचा उजेड दिसे. मामांनी हात फिरवून पाहिला आणि ते म्हणाले, “ही वाळल्याली हाय, बिघडल्याली न्हाय. चाक ढिलं झालं तर आपण काय करताव? वढ्यात टाकताव. हिला बी चार दिस तळ्यात बुडवा, वर दगडं ठिवा. आपोआप मिटंल.”

त्यांचे म्हणणे मला पटण्यासारखे होते. पण सरकार रोज संध्याकाळी तळ्यावर फेरी मारत. दगडांखाली बुडालेली होडी पाहून ते काय म्हणतील, याची मला धास्ती वाटली. मी तसे मामांना म्हणालो.

“मग सांगा, औषध चाललंय म्हणून.”

ते सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी पुस्तिकेची पाने उलटली. पाण्यात सोडण्यापूर्वी फळ्यांमधील सर्व फटी घट्ट भराव्यात, असे वाक्य सापडले आणि मी ते मराठीत वाचून दाखवले. ती पुस्तिका ओल्या मुलखात लिहिलेली होती. तिथली होडी दोन-चार आठवड्यांपलीकडे कोरड्यात राहतच नसेल. हे मला आज समजते. त्या वेळी मला एवढेच कळले, की छापलेल्या वाक्यामागे मला लपता येईल.

मामांनी फळीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “इंग्रजीत लिवलंय व्हय? मग म्या काय बोलू.”

तीन दिवस त्यांनी सागाच्या बारीक पट्ट्या तासून भेगांत ठोकल्या. वर राळ आणि जवसाचे तेल लावले. काम इतके देखणे झाले, की सांधा बोटाला लागत नव्हता. पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी नारळ फोडून होडी तळ्यात सोडली. आत पाण्याचा थेंब आला नाही. सरकारांनी सर्वांसमोर मामांची पाठ थोपटली. मलाही शाबासकी मिळाली. होडी तशीच पाण्यात बांधून ठेवली.

पाण्याने आपले काम केले. फळ्या फुगल्या, आणि फुगायला जागा नव्हती. ती आम्ही सागाने भरून टाकली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे होडीत बसले. काठापासून वीस हातांवर आतून कडाड असा आवाज झाला. होडीच्या सांगाड्यातल्या दोन बरगड्या मोडल्या, खिळे उपटले आणि एक फळी बाहेर उसळली. पाणी तिथे कमरेइतकेच होते. कुणाला इजा झाली नाही. पण अंमलदारसाहेब बुटांसकट चिखलातून चालत काठावर आले, आणि काठावर कुणीतरी हसले.

पाहुणे कपडे बदलायला गेल्यावर सरकारांनी आम्हा दोघांना समोर उभे केले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“भेगा भरायला कुणी सांगितलं?”

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्यात आरोप नव्हता; ते फक्त वाट पाहत होते. मला बोलायचे होते. वाक्य उर्दूत जुळवावे की मराठीत, असला विचार त्या क्षणी माझ्या मनात चालला होता, हे लिहितानाही लाज वाटते. मी पायाखालच्या चिखलाकडे बघत राहिलो.

“माज्याच हातानं भरल्या, सरकार,” मामा म्हणाले. “लाकूड मला कळाय पायजे हुतं.”

चार दिवसांनी त्यांनी घर रिकामे केले. बैलगाडीत हत्यारे, भांडी आणि म्हातारी आई असे घेऊन ते आमच्याच भागातल्या वाशीला मेहुण्याकडे गेले. मी शेडच्या दारात उभा होतो. निघताना ते मला म्हणाले, “येतो मुन्शीजी. इंजनात पाणी गेलंय, आजच काढून वाळवा.” मी ते वाळवले. पुस्तिकेत कसे वाळवावे, हे दिले होते.

पोलीस ॲक्शननंतर जहागीर गेली आणि मी परंड्यात शिक्षक झालो. एकदा मुद्दाम वाशीला गेलो. मामा बाजाराच्या कडेला चाकाचे आरे बसवत होते. त्यांनी मला चहा पाजला, पावसाची चौकशी केली, माझ्या लग्नाची केली. होडीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तो मी काढण्याआधी परतीची मोटार आली, असे मी स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे मोटार यायला तासभर अवकाश होता. पुढल्या वर्षी मामा वारले.

गेल्या महिन्यात एका लग्नात त्यांचा थोरला मुलगा भेटला. तोही आता उतारवयाला लागला आहे, सुतारकामच करतो. मी जहागिरीत होतो एवढेच त्याला ठाऊक होते. जेवताना तो आपणहून म्हणाला, “आमचा बाप लाकडाला कदी चुकला न्हाय. एकदाच चुकला, त्या होडीला. आजून बी लोक मला होडीफोड्याचं पोरगं म्हनत्यात.” तो हसला, आणि पंगतीतले इतरही हसले. मी पुढचा घास घेतला.

त्याचा पत्ता मी लिहून घेतला आहे. खरे कळले तर बापाचे नाव त्याच्या मनात निर्मळ होईल. पण बाप माझ्यासाठी गप्प राहिला आणि त्यापायी त्यांचे घर गेले, हेही त्याला या वयात कळेल. मी त्याला सांगावे का?