आराखड्यातल्या रस्त्याची दगडचोरी

ते प्रकरण आठवले की निवृत्तीला इतकी वर्षे होऊनही माझे डोके तापते. खून नाही, दरोडा नाही. चोरीला गेले होते दगड.

कोथरूडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. पलीकडचे गाव नुकतेच शहरात आले होते. विकास आराखड्यात त्या गावातून हमरस्त्यापर्यंत एक रुंद रस्ता दाखवलेला होता. महापालिकेच्या अभियंत्याने मोजणी करून रस्त्याच्या कडांना दगड रोवले, त्यांवर लाल आकडे घातले. काही दिवसांत निम्मे गायब. पुन्हा रोवले, पुन्हा तेच. शेवटी तो रडकुंडीला येऊन ठाण्यात आला.

ठाणे अंमलदाराने विचारले, "दगडांचं वर्णन काय लिहू?"

मी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने मुकाट्याने तक्रार लिहून घेतली.

संशय एकाच माणसावर होता. रस्त्यात सर्वांत जास्त जमीन जाणार होती ती गावातल्या एका शेतकऱ्याची. शिवाय रस्त्याला लागून असलेल्या सोसायटीचे सेक्रेटरी दर आठवड्याला ठाण्यात येऊन आम्हाला फैलावर घेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ.

"एका माणसाच्या हट्टापायी शहराचा विकास खोळंबलाय. आपण त्याला अटक करणार आहात, की मुहूर्त बघताय?"

शेतकऱ्याला जबाबासाठी बोलावले. साठीचा माणूस, सोबत सून. तिच्या बाळंतपणात अरुंद रस्त्यामुळे रुग्णवाहिका गावाच्या वेशीवरच अडकली होती. मूल हाती लागले नव्हते. हे त्याने सांगितले नाही, तिने सांगितले.

मी दरडावूनच विचारले, "दगड कुठं टाकलेत?"

"साहेब, मला रस्ता नको आसता तर उघड बोललो आसतो. जाऊन बघा एकदा. जे दगड ऱ्हायलेत, ते माझ्या हिरीकडं सरकल्यात. मी माझीच हीर बुजवायला निघालोय व्हय?"

मी अभियंत्याला घेऊन गेलो. नकाशा लावून मोजले. म्हातारा खरे बोलत होता. एका कडेचे दगड नाहीसे झाले होते आणि दुसऱ्या कडेचे विहिरीच्या दिशेने सरकले होते. म्हणजे रस्ता कोणापासून तरी लांब ढकलला जात होता. अभियंत्याने मान वळवून सोसायटीच्या कुंपणाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईंचा फोन आला. नाव सांगितले नाही.

"आमच्या सेक्रेटरींनी सजवलेली सोसायटीची बाग पाहिलीत का? अवश्य पाहा. सरकारी खर्चानं फार छान झाली आहे."

मी दोन पंच घेऊन गेलो. गुलाबांच्या वाफ्याला दगडांची कड होती, वर पांढरा चुना. हवालदाराने ओल्या फडक्याने एक दगड पुसला. खालून लाल आकडा निघाला.

"हे काय आहे?" मी विचारले.

"बेवारस पडले होते."

"आणि सरकलेले?"

गृहस्थ आवाज चढवून म्हणाले, "अहो, मूळ आखणीत आमची अर्धी बाग जाते! तीस फ्लॅटचा प्रश्न आहे. त्याच्याकडे एवढी जमीन आहे, थोडी जास्त गेली तर काय बिघडतं?"

"पण रस्त्यासाठी ओरड तुम्हीच करत होतात ना?"

"रस्ता व्हायलाच हवा. त्याबद्दल दुमत नाहीच."

दुपारी शेतावरचे गावकरी जेवायला घरी गेलेले असताना माळ्याकरवी त्यांनी हे करवून घेतले होते. गुन्हा नोंदवला, दगड मुद्देमाल म्हणून जप्त केले. संध्याकाळी अर्धी सोसायटी ठाण्यात हजर. "साहेब, इतक्या सज्जन माणसाला..." मी कपाळाला हात लावला. शेतकऱ्यावर संशय घेतला जात होता, तेव्हा यांतला एकही त्याच्या बाजूने बोलायला फिरकला नव्हता.

पुढे सेक्रेटरींना जामीन मिळाला आणि सोसायटीने आपल्या हद्दीतल्या आखणीविरुद्ध कोर्टातून स्थगिती आणली. माझी बदली झाली.

या प्रकरणानंतर मी हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत असे, की जो सगळ्यांत मोठ्याने तक्रार करतो, त्याच्या घराची पायरी आधी चढा. शहराचा आराखडा सगळ्यांना मान्य असतो. शेजाऱ्याच्या जमिनीवर असेपर्यंत.

काही वर्षांनी त्या बाजूला गेलो. सोसायटीपाशी रस्ता अजून बोळच होता. पुढे गावात मात्र पूर्ण रुंदीचा, डांबरी. कोणीतरी सांगितले, जमिनीचा ताबा सर्वांत आधी त्या शेतकऱ्याने दिला होता.