निळीची चिकटलेली पानं

लोहाऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे आणि रस्त्यापलीकडं वाचनालय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथं पेपर वाचायला जातो, म्हणजे खरं सांगायचं तर पंख्याखाली बसायला. पेपरातलं सगळं मला सकाळीच गिऱ्हाइकांनी सांगून टाकलेलं असतं. नाव माझं चन्नबसप्पा, पण गाव मला 'मेडिकल' म्हणतं. चन्नप्पा म्हणतात त्या एकट्या वनमालाबाई.

वनमालाबाई आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. माहेर तुळजापूरचं, वडील शाळामास्तर, नवरा तहसिलीत कारकून. बोलणं हळू, चालणं हळू, आणि कुणी मोठ्यानं बोललं की या दोन पावलं मागं. असल्या बाईनं गावातल्या पोरींना पुस्तकाचं वेड लावलं हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर खोटं म्हणालो असतो. खिडकीजवळचं एक कपाट त्यांनी वेगळं काढलं होतं. आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतच्या पोरींनी त्यातलं वाचायचं. साहसाच्या गोष्टी, वसतिगृहातल्या गोष्टी, पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलामुलींच्या कादंबऱ्या. पाठ्यपुस्तकावर झोपणाऱ्या पोरी तिथं उभ्यानं वाचायच्या.

पुस्तक परत आलं की बाई 'आवडलं का' असं विचारत नसत. "कुठं रडलीस?" एवढंच विचारायच्या. पोरगी सांगायची, मग दोघी त्यावर कुजबुजत बसायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, कुठं हसलीस ते का विचारत नाही?"

"हसलेलं पोरी आपणहून सांगतात हो, चन्नप्पा," त्या म्हणाल्या.

त्या कपाटातलं सगळ्यांत लाडकं पुस्तक म्हणजे 'निळी'. निळ्या पुठ्ठ्याची जुनी कादंबरी, वरचं नाव केव्हाच झिजून गेलेलं. गोष्ट अशी : खेड्यातली एक हुशार मुलगी. घरचे तिचं लग्न ठरवतात. सुपारी फोडायला पाहुणे जमतात, आणि बैठकीत सगळ्यांसमोर ही पोरगी ताटातली सुपारी उचलून मुठीत धरते. "मला शिकायचंय," म्हणते. बाप थोबाडीत मारतो, पाहुणे उठून जातात, घरात कुणी जेवत नाही. मग तोच बाप तिची ट्रंक घेऊन तिला एस्टीत बसवायला येतो, वसतिगृहात पाठवायला, आणि गाडी हलल्यावर डोळे पुसतो. मी वाचलीय ती. डोळ्यात कचरा गेला म्हणून मधेच उठलोही होतो.

काही वर्षांपूर्वी हीच निळी घेऊन कोंडीराम वाचनालयात आला. कोंडीराम म्हणजे वेशीजवळचा बागायतदार. माणूस वाईट नाही, पण राग नाकावर. त्याच्या थोरलीनं घरात काहीतरी उलट उत्तर दिलं होतं आणि तिच्या उशाखाली निळी सापडली होती. त्यानं पुस्तक टेबलावर आपटलं.

"हे शिकवता व्हय पोरींना? भर बैठकीत बापाची अब्रू घालवायची? आजपास्नं आमच्या आळीतली एक पोरगी हिकडं फिरकायची न्हाय, सांगून ठेवतो."

बाई उभ्या राहिल्या आणि आपटलेलं पुस्तक उचलून पदरानं पुसायला लागल्या. आणि कोंडीराम बोलला ते खरं झालं. त्याच्या आळीतल्या पोरी थांबल्या, त्यांचं बघून दुसऱ्या आळीतल्या. खिडकीजवळ कपाट उभं आणि बाई समोर बसून रिकाम्या दाराकडं बघायच्या. मला तेव्हा त्यांची फार दया आली.

मग एके दिवशी त्या दुकानात मोरचूद मागायला आल्या. मोरचूद कृषी केंद्रात मिळतो, माझ्याकडं नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विचारलं तर म्हणाल्या, खळ करायचीय, कीड लागू नये म्हणून चिमूटभर हवा. फाटकी पुस्तकं त्या स्वतःच खळीनं चिकटवायच्या, त्यामुळं मला काही वाटलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर निळी समोर उघडी, आणि बाई बैठकीची ती पानं एकमेकांना चिकटवत होत्या. मुठीतली सुपारी, 'मला शिकायचंय', थोबाडीत, वसतिगृहाचं ठरणं, सगळं आत. अक्षरांना खळ लागू नये म्हणून फक्त बाहेरच्या कडेला बोट फिरवत होत्या.

"बाई, हे काय आरंभलंय?"

"चार पानं गेली तर जाऊ देत," त्या म्हणाल्या. "पोरी जायला नकोत."

मला तेव्हा ते पटलं होतं, ते का नाकारू? कोंडीरामला बोलावून त्यांनी पुस्तक दाखवलं. त्यानं अंगठ्यानं कड चाचपली, मान हलवली. पोरी परत आल्या, त्यात कोंडीरामची धाकटी हर्षालीही आली. फक्त निळी आता वेगळीच गोष्ट झाली होती. पाहुणे सुपारी फोडायला येतात, आणि पुढच्या पानावर मुलगी एस्टीत, ट्रंक मांडीशी, बाप डोळे पुसतोय. वाचणाऱ्या पोरीला वाटायचं, लग्न होऊन सासरी निघाली. ढसाढसा रडायच्या सगळ्या. बाई त्यांना "कुठं रडलीस?" विचारायच्या आणि त्या "शेवटी, एस्टीत" म्हणायच्या. तेवढं ऐकलं की बाई उगाच कपाटाचं दार पुसायला लागायच्या. टोचत होतं त्यांना, पण टोचणीला रोज उद्यावर ढकलायचं म्हटलं तर वर्षं निघतात.

हर्षाली आमच्या गावातली एक नंबरची वाचणारी. कपाट संपवून मोठ्यांच्या कपाटाला लागली होती, तरी निळी मधूनमधून नेतच होती. बारावी चांगल्या मार्कांनी झाली. उमरग्याला नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं. माझ्या दुकानात येऊन औषधांच्या पट्ट्या उलटसुलट करून नावं वाचायची आणि हे कशावर, ते कशावर असं विचारून माझं डोकं खायची. मला आवडायचं, पण मी वसकन अंगावर जायचो, सवय आहे.

यंदा तिला अठरा पुरी झाली आणि कोंडीरामनं स्थळ पक्कं केलं. परंड्याकडचं घर, ऊस, ट्रॅक्टर, एकुलता एक मुलगा. गुरुवारी सुपारी. त्या आठवड्यात हर्षाली पुस्तकं परत करायला आली. मी पेपरामागं होतो. तिनं निळी सगळ्यांत वर ठेवली आणि बाईंकडं बघत म्हणाली, "निळीतली बी गेलीच की न्हाय, बाई? काय न बोलता."

बाईंचे हात पुस्तकावर होते. त्या "हं" म्हणाल्या. तेवढंच. कुठं रडलीस हेसुद्धा विचारलं नाही. पोरीनं चपला घातल्या, दारातून एकदा वळून बघितलं आणि गेली.

ती वळणाआड झाली तशा बाई माझ्याकडं वळल्या.

"चन्नप्पा, मी पोरीला फसवलं हो. तिला वाटतंय, निळीतली गप्प गेली. मी गप्प घालवली तिला."

"मग उठा आणि सांगा जाऊन. गुरुवार लांब आहे अजून."

"काय तोंडानं सांगू? मीच चिकटवली म्हणून?"

"ज्या तोंडानं जेवता त्या तोंडानं!" मी ओरडलोच. "तिला शिकायचंय हे तुम्हाला माहीत, मला माहीत. एवढं एक वाक्य जाऊन सांगायचं. त्यात काय अवघड आहे?"

पण त्यांना ते जमेना. पान उघडून पुस्तकच तिच्या हातात देते म्हणाल्या, पान काय ते सांगेल. माझ्याकडून वाफ घ्यायचं मशीन नेलं, सर्दीला वापरतात ते. वाचनालयाचं दार ओढून घेतलं आणि कडेवर वाफ सोडत बसल्या. खळ सुटली, पानं सुखरूप उघडली, अक्षर न् अक्षर जागेवर. मी म्हटलं, झालं, चला. तर त्या म्हणतात, कडा ओल्या आहेत, सुरकुतल्या आहेत, जरा वजनाखाली ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, अजून खूण दिसतेय म्हणे. पान कधी चिकटलंच नव्हतं असं दिसायला हवं होतं त्यांना! मला असा संताप आला की त्या दिवशी मी पेपरही न वाचता परत आलो. आता वाटतं, पुस्तक उचलून मीच कोंडीरामच्या घरी गेलो असतो तर माझे पाय झिजले नसते.

गुरुवारी सकाळी बाई निघाल्या. पिशवीत निळी. मलाही आमंत्रण होतं, मी मागोमाग गेलो. दारात गाड्या, ओट्यावर पुरुष, आत बायका. बाई आत शिरल्या तशा हर्षालीच्या आईनं त्यांचा हात धरला.

"बाई आल्या! बरं झालं. पोरीला तुमीच वळण लावलंय. पयलं कुंकू तुमच्याच हातचं."

आमच्याकडं सुपारी फोडण्याआधी मुलीला पाटावर बसवून कुंकू लावतात. पहिलं कुंकू घरच्या मानाच्या सवाष्णीचं. हा मान मागून मिळत नाही, आणि दिलेला कुणी नाकारत नाही. मी दाराशी उभा होतो. हर्षाली पाटावर हिरव्या साडीत, बाई समोर, खांद्याला पिशवी, करंडा कुणीतरी हातात दिलेला. पोरगी बाईंकडं सरळ बघत होती. एक वाक्य. 'हर्षाली, जरा आत चल' एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं. मग ओट्यावर सुपारी फुटली, पेढे फिरले. बाई पिशवी छातीशी धरून घरी गेल्या.

लग्न झालं. मी काही दिवस वाचनालयात गेलो नाही. गेलो तेव्हा बाई कपाटातलं एकेक पुस्तक काढून कडा चाचपत होत्या. निळीनंतर त्यांचा हात सैल सुटला होता, आणखीही पुस्तकांतली अशी पानं खळीनं मिटली होती. वाफेचं मशीन मी परत मागितलं नाही. "रात्री डोळा लागत नाही, चन्नप्पा," म्हणाल्या, आणि मी माझ्या दुकानातली गोळी दिली नाही. ते दुखणं गोळीचं नव्हतं.

दिवाळीला हर्षाली माहेरी आली आणि दुपारीच वाचनालयात आली. जरा वाळली होती, पण हसली. बाई उठून उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी टाळलं नाही. निळी काढली, ती पानं उघडून तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, कोंडीरामनं पुस्तक आपटलं तिथपासून कुंकवापर्यंत. सांगताना रडल्या. "मी तुझी गुन्हेगार आहे," म्हणाल्या. "ती पोरगी गप्प गेली नव्हती, हर्षाली. बोलली होती. तुला ठाऊक असतं तर..."

हर्षालीनं पुस्तकाला हात लावला नाही.

"मला ठावं व्हतं, बाई."

बाईंना कळेना. मलाही.

"खळ नुसती कडंला व्हती. वरनं पानं फाकवली, उजेडाकडं धरली की आतलं दिसायचं. नववीतच वाचलंतं म्या. लई येळा. सुपारी मुठीत धरती ते तर पाठ हाय."

"मग त्या दिवशी गेलीच की न्हाय, असं का म्हणालीस गं?"

"तुमी काय म्हणताय ते बघायला." ती खाली बघत होती. "घरचे सगळे एकीकडं. मला वाटलं, बाई म्हणतील, न्हाय गं, बोलली व्हती ती. तेवढं म्हणला असता तर म्या बी बोलले असते. पर तुमी नुसतं हं म्हणलात. मग मला वाटलं, बाईनी ती पानं चिकटवली ती त्यांना पटत न्हाईत म्हणून. पोरीनं असं बोलू नये, असंच बाईलाबी वाटतंय. पाटावर बसूनबी तुमच्याकडंच बघत व्हते."

हर्षालीनं निळीची ती पानं मिटली आणि पुस्तक खिडकीजवळच्या कपाटात आपल्या जागी ठेवून दिलं.