पाटीला हात

"ए बाई, तशीच उभी राहा. पाटी उतरवू नको, चित्र बिघडेल."

सर पडवीत खुर्चीवर बसून बोलत होते. बाई अंगणात, भर उन्हात. डोक्यावर बांगडे मासळीने भरलेली पाटी. ती माझी आई होती. सरांना ते ठाऊक नव्हतं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही पूर्णगडचे खारवी, मासेमारीवर जगणारे. मी शिकावं म्हणून आईने रत्नागिरीत खोली घेतली आणि ती दारोदार मासे विकायला लागली. सर घरीच परीक्षेच्या मुलांना मराठी शिकवायचे. मला पडवीच्या टोकाला, वेगळ्या पोत्यावर बसवायचे. त्या दिवशी माझी भाकरी घरी राहिली, ती द्यायला आई आली होती.

सर साहित्यातले वाद शिकवत होते. त्यांनी विचारलं, हिच्याकडे सौंदर्यवादी कसा बघेल? आणि वास्तववादी?

आईला वाटलं, गिऱ्हाईक आहे.

"ताजे बांगडे हायत, मास्तर. दाखवू काय?"

पडवी खदखदून हसली. त्या घरात कांदासुद्धा शिजत नव्हता.

एक मुलगा उठून आईच्या कमरेच्या डौलावर बोलला. हा सौंदर्यवाद. दुसऱ्याने लुगड्याचं ठिगळ दाखवलं, घाम दाखवला. हा वास्तववाद. सर शाब्बास म्हणाले. आई हसतच होती, गिऱ्हाइकासमोर हसायचं असतं म्हणून. मासळीचं पाणी कपाळावरून तिच्या डोळ्यात उतरत होतं.

भरली पाटी एकटीने उतरत नाही. दुसऱ्याने हात लावावा लागतो. आमच्याकडे उभा दावा असलेली बाईसुद्धा हाक आली तर हात लावून जाते, मग हवं तर पुन्हा भांडते.

"बाय, जरा हात लाव गो. मान मोडली माझी," आईने हाक दिली.

मी उठले. अंगणात जाऊन पाटी उतरवली. म्हणाले, "ही माझी आई."

सर चपापले. पण लगेच सावरून म्हणाले, समीक्षकाने भावनेत वाहू नये, अंतर राखावं.

"एवढ्या जणांनी तिला बघितलं, सर. हात कुणी लावला नाही. मी आता त्या पोत्यावर बसणार नाही."

पाटी पुन्हा आईच्या डोक्यावर चढवून आम्ही निघालो. भाकरी तिच्या ओटीत तशीच. वाटेत ती म्हणाली, "येवढा येळ बघितलान, आणि दर नाय इचारलान?"

मला रडू आवरलं नाही. तो धडा कसला होता, ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगवलंच नाही. ती गेली.

आज मी तेच वाद शिकवते. सगळे, नीट. हत्यार ओळखता आलं पाहिजे. पण कुठलंही पान उघडलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: इथे ओझं कुणाच्या डोक्यावर आहे, आणि लिहिणारा कुठे बसलाय? ज्याला हे बघायचं नसेल त्याने खुशाल दुसरीकडे शिकावं. माझ्या वर्गासाठी कुणाचीही आई उन्हात उभी राहणार नाही.